उस्तादांची हलकी पँट

झाड कोणत्या अंगाला पडणार हे झाडाच्या आधी उस्तादांना कळतं, असं बागखात्यातली माणसं म्हणत. हळूहळू उस्तादांनाही ते खरं वाटू लागलं, आणि सगळा घोळ तिथूनच सुरू झाला. सव्वीस वर्षं हातात चेनसॉ म्हणजे साखळीवाली करवत, अंगावर साधी सुती पँट, पायात चपला, आणि तरी अंगावर ओरखडा नाही. त्यामुळे खात्यानं हेल्मेट, कानावरचे डबे, जाड बूट आणि सेफ्टीची पँट वाटली तेव्हा उस्तादांनी सगळं गाठोडं घरी आणून कपाटावर टाकलं. त्याबरोबरचं माहितीपत्रक त्यांनी उघडलंसुद्धा नाही. शिकलेल्या माणसानं परत काय शिकायचं!

बायको शिवणकाम करायची. पुढच्या खोलीत तिचं मशीन.

"तुम्ही कामावर गेलात की सुईत दोरा ओववत नाही माझ्याच्यानं," ती म्हणायची. "घाला ना ती पँट."

"कंबरेत ढगळ आहे."

तिनं कंबर आत घेतली. मग पँट लांब झाली, तिनं खालून दुमडली. मग गुडघ्यात आखडायला लागली, तिनं तेही पाहिलं. सबबींचा साठा संपत आला, तेव्हा उस्तादांनी हुकमाचा पत्ता काढला.

"जड आहे गं. आत नुसता दोऱ्यांचा कचरा कोंबलाय. दिसायला भारदस्त दिसावी म्हणून भरतात."

"नक्की ना?"

"सव्वीस वर्षं हे काम मी करतोय की तू?"

यावर कोणती बायको काय बोलणार? तिनं अस्तर उसवलं, आतले लांबच लांब पांढरे धागे ओंजळीओंजळीनं काढले आणि पुन्हा अशी शिवण घातली की कंपनीलाही कळू नये.

आता मात्र उस्ताद ती पँट रोज घालू लागले. नुसती घालून थांबले असते तरी चाललं असतं. पण लोका सांगे ब्रह्मज्ञान! साध्या पँटीत कुणी दिसला की, "पाय काय बाजारात मिळतात का रे?" म्हणून सगळ्यांसमोर त्याची हजेरी घ्यायचे. खात्यानं त्यांचा फोटो फलकावर लावला. सगळ्यात जास्त बोलणी खाल्ली ती त्यांच्याच टोळीतल्या मेहुण्यानं. तो बिचारा एकदा म्हणाला, "दाजी, मला तर ही घालून चालवत नाही. तुम्ही झपाझप कसे चढता?"

"सवय लागते," दाजी गंभीरपणे म्हणाले.

असे आठ महिने गेले. मग प्रशिक्षण द्यायला एक बाई आल्या. ओंडक्याला पँट गुंडाळून त्यावर चालू चेनसॉ टेकवून दाखवणार होत्या. पँट कुणाची घ्यायची, असा प्रश्न निघताच उस्ताद पुढे झाले. "माझी घ्या. इतकी जपून कुणी वापरली नसेल." दुसरी पँट चढवून ते ऐटीत पहिल्या रांगेत उभे राहिले.

बाईंनी मशीन टेकवलं. ते कापड फाडून थेट लाकडात घुसलं आणि भुसा उडायला लागला. बाईंनी घाईनं मशीन बंद केलं, चिरलेल्या जागी बोटं घालून पाहिली.

"यातले धागे कुठे गेले? तेच तर साखळीत अडकतात आणि मशीन जागच्या जागी थांबतं. धागे नसतील तर ही नुसती पँट आहे."

 कुणी हसलंही नाही, आणि हसले असते तर बरं झालं असतं असं उस्तादांना वाटलं. मेहुणा त्या दिवशी रजेवर होता, तेवढंच नशीब.

संध्याकाळी बायकोनं पिशवीतून पँट काढली. मांडीवर वीतभर चीर. तिनं आधी चीर पाहिली, मग धावत येऊन त्यांची मांडी चाचपली. मांडी धडधाकट. ती मटकन खाली बसून रडू लागली.

"वाचवलं हो हिनं तुम्हाला!"

 इतकी आयती अब्रू कुणी ताटात वाढत असेल तर नको कोण म्हणेल? उस्तादांनी नुसती मान हलवली.

तिनं डोळे पुसले, उठली, मशीनवरची दुसरी पँट ओढली आणि कात्री घेतली.

"भाऊ सकाळी देऊन गेलाय. जड होते म्हणून घालतच नाही मेला. त्याचीही आत्ताच तुमच्यासारखी करून टाकते."

शिवणीचे दोन टाके तुटले, तेव्हा उस्तादांनी तिचा हात धरला. मग त्यांना सगळं सांगावं लागलं. ओंडका, भुसा, धागे, आणि न उघडलेलं माहितीपत्रकसुद्धा.

तिनं कात्री खाली ठेवली. 

"तरीच," ती म्हणाली, "आठ महिने सुईत दोरा पटकन जात होता. त्याच्या आधी निदान मला भीती तरी वाटत होती हो. तुम्ही तीही काढून घेतलीत."

ती दोन टाके पुन्हा घालायला बसली. उस्ताद खुर्चीत बसले. सव्वीस वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी आपल्या मांडीकडे नीट पाहिलं.