हेल्मेट मांडीवर

सदाशिव पेठेतल्या माझ्या क्लासचा सर्व्हर सांभाळणारे गृहस्थ लांबच्या मांजरी गावाहून स्कूटरवर येतात. सर्व्हर दूर कुठेतरी भाड्याने घेतलेला. काम घरूनही होईल. पण "गिऱ्हाइकासमोर बसलं की हात नीट चालतो," म्हणतात. हेल्मेट मांडीवर घेऊन स्वतः लिहिलेली स्क्रिप्ट चालवतात. ती व्हायरस पकडणारं सॉफ्टवेअर आपोआप बसवते. पडद्यावर हिरवी खूण आली, की "झालं" म्हणत हेल्मेट डोक्यावर.

गेल्या महिन्यात त्याच सर्व्हरमध्ये व्हायरस शिरला. जुनी प्रत वेगळी ठेवलेली होती म्हणून मुलांचे निकाल बचावले. मी ठेवणीतले चार शब्द काढून बसलो होतो. ते आले आणि त्यांनी चाचणीची एक निरुपद्रवी फाईल सर्व्हरवर टाकली. सॉफ्टवेअरने ती लगेच पकडायला हवी होती. ती तशीच पडून राहिली.

"सॉफ्टवेअर बसलंय, पण चालूच झालं नाय. स्क्रिप्टमध्ये माझीच एक ओळ राहिली."

ओळ घातली, फाईल पकडली गेली. हेल्मेट मात्र मांडीवरच. त्यांनी फोन काढला आणि ही स्क्रिप्ट ज्यांच्याकडे चालवली होती त्या प्रत्येक गिऱ्हाइकाला लावला. "अहो, मी झालं म्हणलो होतो, ते झालेलं नाय. चूक माझी हाय. आज येऊन जातो." एक जण बराच वेळ ओरडला. हे "बरोबर हाय तुमचं" म्हणत राहिले.

"तुम्ही दुसरा माणूस बघा, राग नाय," ते उठताना म्हणाले.

मी त्यांना माझ्या बहिणीच्या दवाखान्याचा नंबर लिहून दिला. तिथेही सर्व्हर आहे.