काळ्या-पांढऱ्या डब्याचा निवाडा

चहा घ्या, निवून जाईल. माझी फजिती काय पळून चालली नाय, ती आता जन्माची घरात मुक्कामाला हाय. सांगतो. हसा खुशाल, पण कप सांभाळून.

तर मला दोन लेकं. थोरला दत्ता, त्याच्याकडं मी राहतो, इथंच छावणीत. धाकटा सोपान वाळूजला कंपनीत. आधी सगळे एकाच घरात होतो. मग सोपानच्या शिफ्टा, रोजची दगदग, म्हणून त्यानं तिकडंच घर केलं. भांडण नाय, तंटा नाय. पण दर रविवारी येणारा लेक महिन्यानं यायला लागला, आन् मग सणासुदीलाच. दत्ताची मुक्ता आन् सोपानचा शंभू, एका ताटात जेवलेली लेकरं, ती फोनवर ‘काय चाललंय’, ‘काय नाय’ इथवर आली. मला ते लई लागायचं बघा.

दिवाळीच्या आधी दोघांच्या बापांनी कबूल केलं, की लेकरांना टीव्हीवरचा गेम घेऊन द्यायचा. लेकरांनी बेत केला, दोघांनी एकाच कंपनीचा डबा घ्यायचा, म्हंजे आपापल्या घरी बसून संगं खेळता येईल. मी मनात म्हटलं, वा! घरं दोन झाली तरी लेकरं एक होतेल.

पण कंपनी कोणती? एकीचा डबा काळा, दुसरीचा पांढरा. तिथं गाडं रुतलं. शंभू मुद्दाम त्यासाठी आला आन् माझ्या खाटंवर बसून दोघांची जुंपली.

शंभू म्हणाला, “काळाच घ्यायचा! त्यात तबकडी लागती. आपलं खेळून झालं की दुसऱ्याला देता येती.”

मुक्ता म्हणाली, “अन् चरा पडला की बोंबला! पांढऱ्याला तबकडीच नको. महिन्याची फी भरली की ढीगभर गेम आपोआप येतेत.”

“फी थांबली की गेम गायब! अन् विकत घेतला तरी तो तुझ्या नावावर. कुणाला उसना देता येत नाय. तुझ्या कंपनीचा कायदाच हाय तसा.”

“तुझी कंपनी तरी कुठं लई दयाळू लागून गेली!”

मी मधीच विचारलं, “नावावर म्हंजे? गेमचा बी सातबारा निघतो का?”

“आबा, तुम्ही थांबा!”

थांबलो. पण कुणीच मागं हटंना. शेवटी मुक्ता म्हणाली, “आबांनाच पंच करू. आबा सांगतेल ते दोघांनी ऐकायचं.”

आता मला सांगा, शाळेची पायरी न चढलेल्या माणसाला एवढा मान मिळाला, तर त्याची छाती फुगंल का नाय? मी टोपी नीट केली. मांडी घातली. आन् मला आठवला आमचा जुना जमाना.

माझी लेकं लहान होती तवा गल्लीत चार घरी गेमचे डबे होते. चारी वेगळे! कुणाचा राखाडी, कुणाचा लाल. पण कॅसेट कुणाची बी कुणाच्या बी डब्यात बसायची. नाय चालली तर काढायची, फुंकर मारायची, परत खुपसायची, झाली चालू! आमच्याकडं बदकं मारायची होती, शेजारच्या शेख वहिनींच्या पोराकडं मोटरसायकली. दोन्ही घरांनी एकच घेतली असती तर अदलाबदल काय केली असती? आन् कॅसेट परत येताना रिकाम्या हातानं यायची नाय बरं का. संगं वाटीभर काहीतरी. ईदला शीरखुर्मा, एरवी चटणी. आमच्या हिनं बी ती वाटी कधी रिकामी परत धाडली नाय. गावाकडं दौलताबादला आमच्या भावकीत बी हेच. एका घरी पेरायची पाभर, दुसऱ्या घरी रानाचा वखर. मागायला गेलं म्हंजे बसणं होतं, चहा होतो, माणूस माणसाला धरून राहतं.

मी घसा साफ केला आन् निवाडा दिला.

“शंभूनं काळा घ्यावा. मुक्तानं पांढरा. आन् एकमेकांचे गेम आणून खेळावं.”

दोघांचे चेहरे पडले. मुक्ता म्हणाली, “पण आबा, दोन कंपन्यांचं एकमेकांत...”

“पण नाय आन् बिण नाय! पंचाच्या पुढं उलटं बोलत नसतेत.”

दत्ता म्हणाला, “आबांचं खरंय. एकसारखे दोन कशाला?” सोपाननं मान डोलवली. दोघांना बी त्यातलं काय कळत नव्हतं, पण त्या दिवशी मला ते शहाणे वाटले.

दिवाळी आली, डबे आले. भाऊबीजेला सोपानचं बिऱ्हाड आमच्याकडं. शंभूनं तबकडी आणली होती, पण दोघं लेकरं तोंड पाडून गच्चीवर बसलेली. मला वाटलं, लावायला जमत नसंल. काळजी कशाला, आबा हाय की! पांढरा डबा हातात घेतला, चारी अंगानं चाचपला. बाजूला एक फट दिसली. अरुंद होती, पण होती. तबकडीला फुंकर मारली, जुन्या सवयीनं, आन् हळूच सरकवली. गेली की आत! टीव्ही चालू करून मी हात जोडून बसलो.

मुक्ता खाली आली. “आबा, तबकडी कुठंय?”

“डब्यात.”

“डब्याला तोंडच नाय!”

“आता नाय दिसत. मघाशी होतं.”

दुसऱ्या दिवशी डबा घेऊन मी आन् मुक्ता दुकानात. दुकानदारानं फटीत डोळा लावला आन् कपाळाला हात मारला. “चचा, ये तो उसकी सांस लेने की जगह है! नाक में रोटी घुसेड़ दी आपने!”

त्यानं डबा खोलला, तबकडी काढली. मी म्हटलं, “भाई, खोललाच हाय, तर लगे हाथ तिथं एक तोंड बी पाडून दे.”

अख्खं दुकान हसलं. मुक्ता माझ्या मागं लपली.

“बरं, मग बदलून काळा दे.”

“खोला हुआ माल कंपनी वापस नै लेती, चचा.”

झालं! एकाचा गेम दुसऱ्याला लागत नाय, पांढऱ्यातला बाहेर निघत नाय, घरी बसून संगं खेळायचे गेम बी दोघांचे वेगळे. दोन घरं जोडायला गेलो आन् लेकरांच्या मधी भिंत घातली. त्या दिवशी मला जेवण गेलं नाय.

पण पुढच्या रविवारी दारात मोटरसायकल थांबली. सोपान, सून, आन् मधी शंभू, मांडीवर गोधडीत गुंडाळलेला काळा डबा, तान्हं लेकरू धरल्यागत! गेम जात नाय तर डबाच जाईल. पुढच्या खेपंला आमचा पांढरा वाळूजला. तवापासून एकही रविवार चुकला नाय. सोपान म्हणतो, “आबा, तुमच्या पायी पेट्रोल लई जळतंय.” म्हणतो, आन् येतो.

आता घरात कसा दंगा असतो म्हणून सांगू! परवा दोघं नव्या गेमवरून पार हातघाईवर आली. मी खाटंवरनं खाकरलो. “लेकरांनो, मी सांगू का?”

भांडण जागीच बंद. दोघं एका सुरात, “नको आबा! आमचं ठरलं!” आन् खरंच ठरलं की हो!

तवापासून घरात आवाज चढला, की थोरली सून सैपाकघरातून मला हाक देती, “मामा, जरा निवाडा करतो म्हणा, म्हंजे गप होतेल!”