वेळेत कळलेलं दुखणं

लोखंडी आकड्याने ती गटाराची झाकणं उचलायची, म्हणून वस्ती तिला झाकणताईच म्हणायची. दोरीला बांधलेली बाटली आत सोडायची, सांडपाणी भरायचं, बर्फाच्या डब्यात घालून प्रयोगशाळेत पोचवायचं, हे तिचं काम. वस्तीत कुठला रोग शिरलाय ते माणसं अंथरुणाला खिळण्याआधीच त्या पाण्यात कळतं. कोपऱ्यावरचा न्हावी येता-जाता विचारायचा, "काय झाकणताई, आज कुणाचं पोट बिघडलंय?"

"सगळ्यांचंच. तुमचं जरा जास्त."

एकदा तिच्या धाकट्या बहिणीच्या गल्लीतल्या पाण्यात पोलिओचा विषाणू सापडला. कुणाच्या घरातून आला ते पाणी सांगत नाही. पण बहिणीच्या धाकट्या लेकीला, चिमीला, अजून एकही डोस दिलेला नव्हता. थोरला मुलगा डोसानंतर तापाने फणफणला होता, तेव्हापासून बहिणीच्या नवऱ्याने डोसाचं नावच टाकलं होतं.

ती कामाच्या कपड्यांतच बहिणीकडे गेली.

"डोस द्यायला बाया येतील. चिमीला घेऊन दारात उभी राहा."

"ताई, आधी हातपाय धू. चहा टाकते."

"चहा राहू दे. माझं ऐक."

आतून बहिणीचा नवरा म्हणाला, "गटारात हात घालणारीने आमच्या घरात नाक खुपसू नये."

बहीण निरोप द्यायला बाहेर आली तेव्हा हळूच म्हणाली, "ह्यांना कळू न देता पाजते. तू जा."

झाकणताई त्या शब्दावर विसंबली. डोसवाल्या बाया आल्या, तेव्हा नवरा घरीच होता. बहिणीने आतून कडी लावली आणि चिमीच्या तोंडावर हात धरून बसून राहिली. कडी वाजवून बाया पुढच्या दाराला गेल्या.

मग एका सकाळी बहिणीचा फोन आला. "ताई, चिमी पाय टाकत नाहीये गं."

दवाखान्यातल्या डॉक्टरांनी तो लुळा पाय हातात घेऊन बराच वेळ पाहिला. आता त्यात पहिल्यासारखी ताकद येणार नाही, म्हणाले. नवरा भिंतीला टेकून खाली बसला. बहीण रडली नाही. झाकणताईकडे वळून म्हणाली, "तुला ठाऊक होतं ना? मग माझ्या हातातून हिसकावून का नाही नेलीस तिला?"



वस्तीत दुसरं कुठलंच मूल लुळं पडलं नाही. प्रयोगशाळेतल्या मॅडम म्हणाल्या, "तुमच्या नमुन्यामुळे वेळेत कळलं बरं का." त्यांचं खोटं नव्हतं. तिने मान हलवली आणि रिकाम्या बाटल्या उचलल्या.

त्या गल्लीत तिला अजूनही जावंच लागतं. चिमी उंबऱ्यावर बसलेली असते. लांबूनच "मावशी, मावशी" करते आणि ढुंगणावर सरकत पुढे येऊ लागते. बहीण बाहेर येते, तिला कडेवर घेते आणि पाठ फिरवून आत जाते. पाय तेवढा लोंबत राहतो.