शिवणवालीनं तुंबवलेलं पाणी

गावच्या उताराला अगदी खाली शिवणवालीचं घर. वरच्या आळीत कुणी न्हालं, कुणी भांडी घासली, कुणाचा संडास भरून वाहिला, सगळं तिच्या दारातून जायचं. ते थांबावं म्हणूनच तिच्या कुंपणाला लागून सांडपाणी शुद्ध करायचं केंद्र बांधलं. गावाचं घाण पाणी मोठ्या नळीनं खड्ड्यात यायचं, पंपानं टाक्यांत चढायचं, गाळ खाली बसायचा आणि निवळलेलं पाणी ओढ्याला जायचं. उद्घाटनाला शिवणवालीनं हात दुखेपर्यंत टाळ्या वाजवल्या होत्या.

पुढच्याच उन्हाळ्यात पंप जळला म्हणून दुरुस्तीला गेला. कसली दुरुस्ती! तो गावप्रमुखाच्या बागेत विहिरीवर धडधडत होता, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. पण बोलणार कोण? वरच्या आळीला वास थोडाच येत होता!

खड्डा भरून वाहू लागला. घाण अंगणात आली, तिथून विहिरीत झिरपली. शिवणवाली पाणी उकळायची आणि गावप्रमुखाच्या दारात खेटे घालायची. "बघतो, बघतो," याखेरीज पदरात काही पडलं नाही.

मग सुनेला कावीळ झाली. पोटुशी होती ती. डॉक्टरीणबाईंनी आधी पाण्याचंच विचारलं. सून वाचली, बाळ गेलं. त्यानंतर ती बोलेनाशीच झाली. भिंतीकडे तोंड करून पडून राहायची.

गावप्रमुख समाचाराला आला तो चिखलातून टुणटुण उड्या मारत, नाकाला रुमाल लावून.

"फार वाईट झालं हो," तो रुमालाआडून म्हणाला.

"रुमाल काढा," शिवणवाली म्हणाली.

"अं?"

"आम्ही इथं जेवतो, झोपतो. तुम्ही घटकाभर श्वास घ्या की!"

तो ढुंगणाला पाय लावून पळाला. शिवणवालीच्या अंगाची लाही लाही झाली.

दुसऱ्या दिवशी उजाडताच तिनं शिवणातल्या चिंध्यांची पोती खड्ड्यापाशी ओढत नेली आणि नळीच्या तोंडात दाबून कोंबली. वर फळी ठोकली, फळीला टेकून दगड रचले आणि दगडांवर स्वतः ठाण मांडून बसली.

उन्हं चढेपर्यंत वरच्या आळीतली गटारं उलटी वाहू लागली. न्हाणीघरांतून काळं पाणी वर आलं. पहिला आला वाणी, विजार गुडघ्यापर्यंत दुमडून.

"अगं बाई, वेड लागलं का तुला? साखरेची पोती भिजली माझी!"

"माझी सून कुजत होती तेव्हा कुठं होतास रे?"

हळूहळू अख्खी आळी जमली. कुणी शिव्या घातल्या, कुणी हात जोडले. ती जागची हलली नाही. शेवटी गावप्रमुख आला.

"पंप आणा, मग उठते."

"अहो, तो जळलाय. सांगितलं ना!"

इतक्यात मागून त्याची म्हातारी आई आली. लुगडं घोट्यापर्यंत घाणीनं माखलेलं. "जळलाय? मग आपल्या विहिरीवर दिवसभर घोरतंय कोण? तुझा बाप?"

जमाव फिसकन हसला. शिवणवाली नाही हसली. एवढ्या सगळ्यांना ठाऊक होतं, आणि तोंड उघडायला यांची न्हाणीघरं तुंबावी लागली!

दुपारी ट्रॅक्टरवरून पंप आला. तो बसून पाणी टाक्यांत चढू लागल्यावरच तिनं पोती उपसली.

केंद्र आता चालतं. विहीर मात्र अजून पिण्याजोगी नाही. वरच्या आळीतल्या बायकांनी तिच्याकडे शिवायला कपडे टाकणं बंद केलं. म्हणे, बाई फार तोंडाळ.

मध्यंतरी बाहेरगावचे साहेब केंद्र बघायला आले. गावप्रमुख छाती फुगवून सांगत होता, "पंप बिघडला होता, मीच धावपळ करून आणवला."

कुंपणापाशी ऐकत उभ्या शिवणवालीच्या तोंडात शिवी आली होती. पण तिच्याआधी घराचं दार करकरलं. सून उंबऱ्यात उभी होती, भिंतीला धरून.

"खोटं बोलतायत ते," ती साहेबांना म्हणाली. "आत या. सांगते सगळं."