चित्र करण्यापूर्वी तीनदा वाचावे

मराठीत टंकलेले पत्र दुसऱ्या गावच्या संगणकावर तसेच्या तसे उघडेल, अशी खात्री त्या काळी कोणी देऊ शकत नसे. अक्षरांचा साचा, म्हणजे फॉन्ट, ज्या यंत्रात असेल त्यातच मराठी मराठीसारखी दिसे; तो नसला की ‘आशीर्वाद’ या शब्दाच्या जागी इंग्रजी अक्षरे, कंस आणि टक्क्यांची चिन्हे रांगेने उभी राहत. दोन हजार सालानंतरच्या चार-सहा वर्षांतली ही गोष्ट आहे. मी महाडला माध्यमिक शाळेत मराठी शिकवीत होतो. एस.टी. स्थानकाजवळ माझ्या एका मित्राचे संगणक केंद्र होते. शाळा सुटल्यावर तेथे दोन तास बसून मी लोकांची पत्रे आणि अर्ज टंकून देत असे. मी पाठवलेले पहिलेच पत्र मिळाल्यावर आखातातल्या एका गृहस्थाने घरी फोन करून विचारले होते, “मास्तरांनी मला शिव्या घातल्यात का? नुसत्या फुल्या नि टिंबं आलीत.”

त्यावर आम्ही शोधलेला उपाय असा होता. पत्र टंकून झाले की ते पडद्यावर पूर्ण दिसेल असे बसवायचे. कळफलकावरची ‘प्रिंट स्क्रीन’ ही कळ दाबायची. मग ‘पेंट’ उघडून तेथे ते चिकटवायचे, कडेचा अनावश्यक भाग कापायचा आणि ‘जेपेग’ या प्रकारात साठवायचे. एवढ्याने पत्राचे चित्र होते, आणि चित्राला फॉन्ट लागत नाही. ते जगात कुठेही उघडते. अडचण एकच. चित्रात अक्षर हे अक्षर उरत नाही, ठिपके होतात. एखादी वेलांटी चुकली तरी मूळ पत्राकडे परत जाऊन सगळे पहिल्यापासून करावे लागते. म्हणून मी टेबलासमोरच्या भिंतीवर स्वच्छ अक्षरात लिहून ठेवले होते : ‘चित्र करण्यापूर्वी तीनदा वाचावे.’ पहिल्या वाचनात ऱ्हस्व-दीर्घ पाहायचे, दुसऱ्यात विरामचिन्हे, तिसऱ्यात वाक्यरचना. या नियमाचा मला अभिमान होता. पुढे जे घडले ते हा नियम काटेकोरपणे पाळल्यामुळे घडले.

आषाढातल्या एका दुपारी पोलादपूरच्या वरच्या अंगाच्या एका वाडीतली बाई केंद्रात आली. डोंगर पायी उतरून, पोलादपूरला एस.टी. धरून ती महाडला आली होती. इरल्याचे पाणी तिने पायरीवर झटकले आणि कनवटीची प्लास्टिकची पिशवी उलगडून त्यातली चिठ्ठी माझ्यासमोर ठेवली. चिठ्ठीवर तिच्या मुलाचा ई-मेलचा पत्ता होता. मुलगा आखातात एका बांधकामावर होता, आणि दर शुक्रवारी जवळच्या शहरात जाऊन मेल पाहत असे.

“गुर्जी, त्याचा बापूस आडवा हाय,” ती म्हणाली. “जेठात वारं गेलं अंगावरून. उजवी बाजू गेली, आन् आता डोस्कं पन जातंय. कधी वळखतो, कधी नाय. पोराला हाक मारीत बसतो. त्यानं वळखतोय तवर यायला होवं.”

“फोन नाही का केलात, मावशी?”

“वाडीत फोन एकच, माज्या दिराच्या घरात. पावसात बंद पडतो तो गनपतीला लागतो. आन् दिराचं नाव काढलं की पोरगा पेटतो.”

कारणही तिने सांगितले. मुलगा मुंबईत होता तेव्हा या काकाने ‘आई आजारी आहे’ असे खोटे पत्र घालून त्याला बोलावून घेतले होते, आणि आल्यावर मुलगी दाखवायला नेले होते. गुरे राखायला घरात माणूस हवे म्हणून काकाला तो गावातच हवा होता. तेव्हापासून मुलाचे म्हणणे एकच होते : आईने स्वतः सांगितले तरच मी येईन, दुसऱ्या कोणाचे खरे मानणार नाही.

“म्हनून मीच आले,” ती म्हणाली. “मी बोलते तसंच लिवा हां.”

हे शेवटचे वाक्य मी ऐकले होते. ऐकले नाही असे म्हणण्याची सोय मला नाही.

ती बोलू लागली. मी एका पाठकोऱ्या कागदावर लिहून घेऊ लागलो. तिच्या बोलण्याला क्रम नव्हता. मुलावरून ती म्हशीवर जाई, म्हशीवरून नवऱ्याच्या औषधावर, आणि पुन्हा मुलावर. मध्येच ती हसली, मध्येच तिने डोळ्यांना पदर लावला. तिचे बोलून झाल्यावर मी ते टंकले, आणि तीनदा वाचले.

पहिल्या वाचनात ‘नाय’चे ‘नाही’ झाले आणि ‘हाय’चे ‘आहे’. दुसऱ्या वाचनात तिच्या धावत्या बोलण्यात पूर्णविराम आले. तिसऱ्या वाचनात म्हैस निघून गेली, कारण मुख्य विषयाशी तिचा संबंध नव्हता. वर ‘चिरंजीवास अनेक उत्तम आशीर्वाद’ आले. ती म्हणाली होती, “तुजा बापूस अजून वळखतो हाय. उद्याचं मी काय सांगू? तू ये रे.” माझ्या पत्रात ते असे उतरले : ‘तुझे वडील अद्याप माणसे ओळखतात, परंतु पुढील काळाविषयी खात्री देता येत नाही. तरी तू त्वरित निघून यावेस.’ स्वल्पविराम योग्य ठिकाणी पडला याचे मला समाधान वाटले होते, हेही लिहिले पाहिजे.

“आता याचा फोटो करू,” मी म्हणालो. ती लगबगीने उठली, पदर सारखा केला आणि भिंतीला पाठ लावून ताठ उभी राहिली.

“तुमचा नाही, मावशी. कागदाचा.”

“कागदाचा कशाला? कागदाला काय तोंड हाय?”

केंद्रातले सगळे हसले. ती स्वतःही हसली. मी कळ दाबली, कडा कापल्या, चित्र पाठवून दिले. पत्र तिला वाचून दाखवले नाही. तिची परतीची एस.टी. सुटण्याची वेळ झाली होती, हे कारण खरे आहे, पण अपुरे आहे. वाचून दाखवावे असे मला सुचलेच नाही. शुद्ध केलेली वही विद्यार्थ्याला पुन्हा वाचून दाखवण्याची रीत आमच्या शाळेतही नव्हती.

आठवड्याने उत्तर आले. इंग्रजी अक्षरांत मराठीची एकच ओळ होती : ‘काकाला सांगा, नाटक पुरे झालं.’

ते वाचून मी काय करायला हवे होते, हे आज मला एका वाक्यात सांगता येते. दोन ओळी लिहायच्या होत्या : पत्र तुझ्या आईचेच आहे, ती स्वतः आली होती, भाषा माझी आहे. त्याऐवजी मी ती ओळ छापून टेबलाच्या खणात ठेवली. घरगुती भांडणात परक्याने पडू नये असे मी स्वतःला समजावले. बाई आली की तिला देऊ, असे ठरवले. ती आली नाही. वाडीच्या रस्त्यावर दरड आली होती हे मला नंतर कळले. चौकशी मी केली नव्हती.

मुलगा आला तो नवरात्र उलटल्यावर. गणपतीत फोन लागला, आईचा आवाज त्याने ऐकला, मग रजेसाठी अर्ज, मग तिकीट. घरी पंधरा दिवस राहून तो परत निघाला होता. वीर स्टेशनवर मुंबईची गाडी धरायची होती, म्हणून रिक्षा बाहेर उभी करून तो केंद्रात शिरला. त्याच्या हातात माझ्या चित्राची छापील प्रत होती.

“सर, हे तुमच्याकडून गेलंय ना? माझा काका कोणाला घेऊन आला होता?”

“काका आले नव्हते. तुमच्या आई आल्या होत्या. एकट्या.”

“आई तेच सांगते.” त्याने कागद टेबलावर ठेवून एका ओळीवर बोट टेकवले. “पण माझी आई जन्मात कधी ‘नाही’ म्हणाली नाय हो. आणि हे ‘त्वरित’? मला वाटलं काकानं कुणातरी मास्तरला गाठलं.”

“मास्तर मीच. त्या बोलल्या ते मी शुद्ध केले.”

त्याने कागदावरचे बोट उचलले. मग म्हणाला, “म्हणजे माझ्या आईला शाळेत घातलंत.”

मी क्षमा मागितली. खणातली ओळही काढून दाखवली. ती त्याने वाचली आणि परत दिली. रागावून बोलला असता तर मला सोपे गेले असते. वडील कसे आहेत, हे विचारायला मला धीर होईना, पण विचारले.

“बरे आहेत. जेवतात. मी समोर बसलो की विचारतात, कुणाचा रे तू? मी सांगतो. ते म्हणतात, बरं, बरं. थोड्या वेळानं पुन्हा विचारतात.”

बाहेर रिक्षावाल्याने हॉर्न वाजवला. मुलगा जागचा हलला नाही. “सर, आईनं काय सांगितलं होतं ते सांगा. तिच्या बोलीत. ती म्हणते आता आठवत नाय.”

ज्या कागदावर मी लिहून घेतले होते तो टंकून झाल्यावर फाडून टाकला होता. तीही माझी शिस्त होती. मी आठवायला बसलो. बापूस अजून वळखतो हाय, हे सांगितले. उद्याचं मी काय सांगू, हे सांगितले. तू ये रे, हे सांगताना माझा उच्चार मलाच परका वाटला. म्हशीविषयी ती काहीतरी बोलली होती आणि बोलताना हसली होती, एवढे आठवले, शब्द आठवेनात. ओठांवर येत होती ती माझीच वाक्ये, विरामचिन्हांसकट.

“आणखी?” त्याने विचारले.

“एवढेच आठवते,” मी म्हणालो. त्याने चित्राची घडी घातली, खिशात ठेवली, आणि तो वीरच्या रिक्षात जाऊन बसला.