खोडाला मिठी, दीड दिवस

आधी खोडाला मिठी मारायची, डोळे मिटायचे आणि मग म्हणायचं, "दीड दिवसाचं काम हाय, ताई."

झाड छाटण्याचा अंदाज देण्याची ही जगावेगळी पद्धत मी बिबवेवाडीत, आमच्याच सोसायटीच्या आवारात पाहिली. मिठीत खोड मावलं तर दीड दिवस, नाही मावलं तर दोन. मान वर करून झाड बघायचंही असतं, हे या गृहस्थांना कोणी सांगितलं नसावं. असे महाभाग तुम्हीही पाहिले असतील.

लोणी काळभोरहून ते स्वतःच्या टेम्पोतून यायचे. टेम्पो हप्त्यावर घेतलेला, पण रुबाब विमान आणल्यासारखा. काच पुसायला खास पिवळं फडकं. चहा नंतर, आधी काच.

पहिलं काम गुलमोहराचं. खोड मिठीत सहज मावलं. फांद्या मात्र विजेच्या तारांत आणि तिसऱ्या मजल्याच्या ग्रिलमध्ये घुसलेल्या. एकेक फांदी दोराने खाली सोडता सोडता चार दिवस गेले.

"अहो, दीड दिवस गणपतीला. झाडाचं काय ठरलंय?" मी विचारलं.

"अंदाज चुकला जरा. पण बोललो ते बोललो, जास्तीचं न्हाई मागनार."

याला काही जण बाणेदारपणा म्हणतात. मी मूर्खपणा म्हणते. मजुरांना स्वतःच्या खिशातून द्यायचं आणि वर मिशीला पीळ! आमच्या सभासदांना तर असा माणूस हवाच होता. दारात दोन-दोन गाड्या लावणारी ही मंडळी सगळ्यात कमी कोटेशन उचलायची आणि वर विचारायची, "अजून काही कमी?"

मी एकदा चिडून म्हटलं, "वर बघायला शिका. नाहीतर टेम्पो जाईल."

"एक मोठं झाड मिळू द्या ताई, सगळे हप्ते फेडतो."

मिळालं. फाटकाजवळचा रेन ट्री. परवानगी आली, मिठी मारून झाली, हात काही पलीकडे पोचले नाहीत. "दोन दिवस," त्यांनी मोठ्या मनाने जाहीर केलं. वरचा पसारा अर्ध्या रस्त्यावर गेलेला. क्रेन भाड्याने आणावी लागली, आठवडा उलटला. मी सेक्रेटरी म्हणून सभेत त्यांच्यासाठी जास्तीचे पैसे मागितले. "कोटेशन म्हणजे कोटेशन," सगळे एका सुरात म्हणाले. मला त्या लोकांची किळस आली. त्यानंतर गृहस्थांचा फोन लागेना.

यंदा आंब्यासाठी दुसरा कंत्राटदार बोलावला. तो चहूबाजूंनी फोटो काढून घसघशीत आकडा सांगून गेला. कामाच्या दिवशी त्याच्या ट्रकमधून मजुरांबरोबर आमचे गृहस्थ उतरले. पिवळं फडकं डोक्याला बांधलेलं. टेम्पोचं मी विचारलं नाही.

ते सरळ आंब्यापाशी गेले, मिठी मारली, डोळे मिटले.

"दीड दिवस, ताई."

काम चार दिवस चाललं. चारही दिवसांची मजुरी त्यांना मिळाली, हे एक बरं झालं. निघताना त्यांनी डोक्याचं फडकं सोडलं आणि त्या दुसऱ्याच्या ट्रकची काच पुसून काढली.