वस्तादांचा हात

इलाही वस्तादांशी मी अकरा महिने बोललो नाही. ते रोज सकाळी आमच्या घरी यायचे, माझ्याच वडिलांचं अंग चोळायचे आणि मी त्याच खोलीत पेपर तोंडासमोर धरून बसायचो. जाताना ते दारातून म्हणायचे, "येतो रं विजू." मी पान उलटायचो. त्यांच्याबद्दल लिहायला बसलोय, तर सुरुवात माझ्या या हलकटपणापासूनच केलेली बरी.

वस्ताद मूळचे कुरुंदवाडचे. चौदाव्या वर्षी कुस्ती शिकायला कोल्हापुरात आले आणि इथलेच झाले. आमच्या पेठेतल्या तालमीत त्यांची आणि माझ्या वडिलांची जोड होती. वडिलांचं नाव कृष्णात, पण पेठ त्यांना आण्णा म्हणायची. दोघांनी एकमेकांना इतक्या वेळा मातीत लोळवलं होतं की कुणाचा कुठला सांधा कच्चा आहे हे त्यांना बायकांपेक्षा जास्त ठाऊक होतं. नाव दोघांनाही मिळालं नाही. आण्णा म्हशींकडे वळले. वस्ताद तालमीतच राहिले, पोरांना डाव शिकवत आणि पेठेची हाडं बसवत.

आमच्याकडे मान आखडली, खांदा उतरला, पोटरीत गोळा आला, की आधी तालीम आणि मग दवाखाना. वस्तादांचा अंगठा जिथं दुखतंय तिथं नेमका जाऊन बसायचा. मोठमोठ्या घरची माणसं मागल्या दारानं त्यांच्याकडे यायची. त्यांच्या हाताला गुण आहे, असं सगळी पेठ म्हणायची आणि ते खोटं नव्हतं. खोटं असतं तर आम्ही वाचलो असतो.

दोन वर्षांपूर्वीच्या मार्चमधली गोष्ट. आण्णांना एकाहत्तरावं लागलं होतं. त्यांना रक्तदाबाची गोळी होती, पण "बरं वाटतंय की आता" म्हणून त्यांनी ती दिवाळीपासून सोडली होती. घरात कुणी विचारलंही नव्हतं. सकाळी साडेपाचला ते धार काढायला बसले. मी शेजारच्या म्हशीखाली होतो. त्यांच्या चरवीतला आवाज थांबला म्हणून मी मान वळवली. उजवा हात सडावरून सुटून मांडीवर पडला होता आणि आण्णा त्या हाताकडे परक्या माणसाकडे बघावं तसं बघत होते.

"काय झालं वो आण्णा?" मी विचारलं.

"मुंग्या," असं काहीतरी ते म्हणाले. शब्द तोंडातच चिकटून राहिला.

मी त्यांना धरून सोप्यात आणलं. माझी बायको राजनंदिनी चुलीवरचं पाणी टाकून धावत आली. तिनं एकदाच बघितलं. "मामंजींचं तोंड बगा की, एका अंगाला वडलंय. गाडी काढा, दवाखान्यात न्हेऊया."

"तू गप," मी म्हणालो. "वस्तादास्नी बलवून आणतो."

सहाच्या आत वस्ताद हजर. त्यांनी आण्णांचा हात खांद्यापासून बोटांपर्यंत दाबून बघितला. "काल वैरणीचा भारा उचललास काय रं कृष्णात?" त्यांनी विचारलं. उचलला होता. मीच बघितला होता. तेवढ्यावर सगळ्यांचं समाधान झालं. "मानंची शीर चढल्या," वस्ताद म्हणाले. "तोंडबी तिच्यामुळंच वडतंय. त्याल गरम करून आणा."

तीन तास त्यांनी चोळलं. घामानं त्यांचा सदरा भिजला. मधे राजनंदिनी दोनदा दारात येऊन उभी राहिली आणि मी दोनदा तिला डोळे वटारले. नऊच्या सुमाराला आण्णांना झोप लागली. आराम पडला म्हणून आम्ही सगळे खूश. बाराला मी त्यांना उठवून बसवलं आणि कपभर चहा पाजला. निम्मा तोंडाच्या कोपऱ्यातून बाहेर आला, निम्मा आत गेला तेव्हा ठसका लागला. त्यानंतर मात्र ते नीट जागेच होईनात. मग गल्लीतल्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी बघताक्षणी सांगितलं, मेंदूचा फोटो निघतो अशा ठिकाणी जा. पहिल्या दवाखान्यात मशीन नव्हतं. दुसऱ्यात पोचलो तेव्हा दुपारचे अडीच वाजले होते.

तिथली डॉक्टर तिशीचीही नसेल. तिनं विचारलं, "हे किती वाजता सुरू झालं?"

"साडेपाचला."

"सकाळी?"

तिनं पेन खाली ठेवलं. मग तिनं समजावून सांगितलं ते मला आजही पाठ आहे. मेंदूत रक्त नेणारी नळी तुंबली होती. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन असतं, पण त्रास सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत, आणि तेही मेंदूत रक्त सांडलेलं नाही हे फोटोत बघून. जेवढा उशीर तेवढा मेंदू जातो. झोप लागली नव्हती, शुद्ध हरपत चालली होती. "आणि यांना चहा कुणी पाजला? तो छातीत गेलाय."

"मी," म्हणालो.

वस्ताद बाहेर भिंतीला टेकून उभे होते, हाताला तेलाचा वास तसाच. डॉक्टर बाहेर आली तेव्हा ते तिच्या पुढ्यात गेले आणि म्हणाले, "बाई, ह्ये वळखायचं कसं तेवढं सांगा मला." ती घाईत होती, चिडलीही होती. पण तिनं सांगितलं. हसायला सांगायचं, तोंड वाकडं होतं का बघायचं. दोन्ही हात वर धरायला सांगायचे, एक खाली येतो का बघायचं. एक साधं वाक्य म्हणायला लावायचं. यातलं एक जरी बिघडलेलं असलं तरी घड्याळ बघायचं आणि निघायचं, तोंडात पाण्याचा थेंबही घालायचा नाही. वस्तादांना अक्षरओळख नाही. त्यांनी तिला ते तीन वेळा म्हणायला लावलं.

आण्णा घरी आले. उजवं अंग लुळं. बोलण्यातला एकच शब्द उरला होता, "व्हय." भूक लागल्या का? व्हय. दुखतंय का? व्हय. लाइट बंद करू का? व्हय. मग लाइट बंद केला की रडायचे. एकदा घरात कुणी नसताना मी त्यांना विचारलं, "आण्णा, माझं चुकलं का वो?" ते म्हणाले, "व्हय." तो जबाब होता की नुसता उरलेला शब्द, हे मला कधीच कळणार नाही. त्यानंतर मी त्यांना तसला प्रश्न विचारला नाही.

वस्ताद रोज यायचे. व्यायाम कसा द्यायचा ते त्यांनी दवाखान्यात जाऊन शिकून घेतलं होतं. मेलेल्या हाताची बोटं एक एक करून सोडवायचे, मिटवायचे. असं तासभर चालायचं. मला त्यांचा संताप यायचा. तुमच्या अंगठ्यानं माझा बाप खाल्ला, असं एकदा मनात येऊन गेलं, आणि ते तोंडावरही आलं असणार, कारण वस्तादांनी मान खाली घातली. त्यांना बोलवायला मी गेलो होतो, बायकोला गप मी केलं होतं, पण राग धरायला दुसरा माणूस सापडला की फार सोपं जातं.

पुढच्या फेब्रुवारीत छातीत कफ होऊन आण्णा गेले. तिरडीला पहिला खांदा वस्तादांनी दिला आणि नदीपर्यंत सोडला नाही. वस्तादांचं वय तेव्हा बहात्तर. पंचगंगेचा उतार लागला तेव्हा मी म्हणालो, "खांदा बदला वस्ताद, दमला असशीला." अकरा महिन्यांनी मी बोललो ते एवढंच.

त्यानंतर वस्तादांकडे जाणं म्हणजे एक ताप झाला, असं पेठ म्हणू लागली. कुणीही आलं की आधी हसायला लावायचे, मग दोन्ही हात वर. गुडघा दुखतोय म्हणणाऱ्यालासुद्धा. "वस्ताद आता डाक्टर झाल्यात," असं टिंगल करत लोक दुसऱ्या तालमीकडे वळले. एका बाईंचं खुब्याचं हाड मोडलं होतं, न्हाणीत पडल्या होत्या. घरच्यांना वस्तादांनी पाय ओढून बसवायला हवा होता. एक पाय आखूड दिसतोय आणि पाऊल बाहेरच्या अंगाला वळलंय, हे बघून त्यांनी हातच लावला नाही. दाराची फळी काढायला लावली, तिच्यावर तसंच निजवून बाईंना दवाखान्यात पाठवलं. डाव्या खांद्याला चमक भरली म्हणून आलेल्या एकाला दरदरून घाम सुटलेला बघून त्यांनी रिक्षात घातलं. तो हार्ट अटॅक निघाला, माणूस वाचला. दुसऱ्या एकाला असंच पाठवलं तर ते नुसतं पित्त निघालं, आणि तो पावणा तालमीच्या दारात येऊन आयमाय काढून गेला. वस्ताद त्याला म्हणाले, "पित्त निघालं न्हवं? मग बरं झालं की."

संध्याकाळी कट्ट्यावर आम्ही म्हशी घेऊन उभे असतो. गिऱ्हाइकाच्या समोर धार काढून पेला हातात द्यायचा, अशी रीत. तिथं वस्ताद लोकांना सोंग करून दाखवायचे. तोंड वाकडं करायचे, हात वर धरून एक हळूहळू खाली सोडायचे. "असं झालं की घड्याळ बगा," म्हणायचे. लोक हसायचे. हात सोडायचे तो नेहमी डावा. मी एकदा विचारलं तेव्हा म्हणाले, "उजवा कृष्णातचा गेला. त्याचं सोंग मी करणार न्हाय."

गेल्या नोव्हेंबरात एका संध्याकाळी वस्ताद नेहमीसारखे आले. शेजारचे म्हशीवाले हंबीरराव त्यांना काहीतरी चिडवत होते. मी पेला पुढे केला. वस्तादांनी तो घेतला आणि पेला हातातून सुटून फरशीवर पडला. त्यांचं तोंड वाकडं झालं होतं. कट्ट्यावरची माणसं खो खो हसली. "आज तर लईच झ्याक जमलंय वस्ताद," हंबीरराव म्हणाले. मीही हसलो. खरं सांगतो, हसलो.

मग मला दिसलं की लोंबतोय तो उजवा हात आहे.

"वस्ताद, तुमचं नाव सांगा," मी म्हणालो. त्यांनी तोंड उघडलं. आवाज आला, नाव आलं नाही. मी घड्याळ बघितलं. सहाला वीस कमी.

एकानं पाण्याचा तांब्या आणला, तो मी हातातून काढून घेतला. हंबीरराव तळवे चोळायला वाकले, त्यांना म्हणालो, "हात लावू नगा, तुमची गाडी काढा." एकशे आठला फोन केला तर वीस मिनिटं लागतील म्हणाले. गाडी समोर होती. मागच्या सीटवर त्यांना कुशीवर निजवलं, डोकं माझ्या मांडीवर. फोटोचं मशीन कुठं आहे हे मला आता कुणाला विचारावं लागत नव्हतं. वाटेत मी त्यांच्या बायकोला, अमीरबी चाचींना, फोन लावला आणि विचारलं, "चाची, वस्ताद धड असलेलं शेवटचं कवा बघितलं तुम्ही?"

"असरच्या नमाजासनं आल्यात, चांगलं बोलून कट्ट्याकडं गेल्यात की," त्या म्हणाल्या. "का रं?"

"किती वाजता निगालं?"

"साडेपाच वाजलं असतील."

सहा वाजून पाच मिनिटांनी आम्ही दारात होतो. डॉक्टर वेगळा होता, प्रश्न तोच होता, आणि या वेळी माझ्याकडे उत्तर होतं. फोटो झाला. पावणेसातच्या आत इंजेक्शन सुरू झालं. चाची येईपर्यंत मी बाहेर उभा होतो, त्याच भिंतीला टेकून.

तिसऱ्या दिवशी मी डबा घेऊन गेलो. वस्ताद उशीला टेकून बसले होते. दारातून मला दिसलं, ते उजवा हात डोळ्यांसमोर धरून बोटं मिटत होते, उघडत होते. अंगठा प्रत्येक बोटाला लावून बघत होते. हात अशक्त होता, पण त्यांचाच होता. तेवढ्यात त्यांची नजर माझ्यावर पडली. त्यांनी तो हात पटकन चादरीखाली घातला.

"हाताला काय झालं?" मी विचारलं.

"काय न्हाय," ते म्हणाले. शब्द जड होता, पण कळत होता. मग चादर वर ओढत, "तुला बघवायचं न्हाय, विजू."

मला खरंच बघवत नव्हतं. चाचींच्या हातात डबा दिला आणि जिन्यात येऊन पायरीवर बसलो. आण्णा गेले तेव्हा मी रडलो नव्हतो, तो तिथं रडलो, येणारीजाणारी माणसं बाजूनं जात होती. वस्ताद वाचले याचा मला आनंद झाला होता. पण त्याहून जास्त राग आला होता, आणि या वेळी तो धरायला दुसरा माणूस नव्हता. घरापासून तो दवाखाना पंचवीस मिनिटांवर आहे. आण्णांच्या त्या दिवशी सकाळी सहा वाजता आमची गाडी दारातच उभी होती आणि राजनंदिनीनं किल्लीसुद्धा हातात घेतली होती.